लिक्विड कूलर मागवण्याआधी टेबलाचं दार उघडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला तिथेच पकडता येईल. डिचोलीला घरी रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप आहे. प्रोसेसरवर डब्यातून आलेलाच कूलर आहे. लग्नांचे व्हिडिओ एडिट करता, तेही बहुतेक रात्री जेवणं आटोपल्यावर. डिसेंबरात तक्रार नव्हती. एप्रिल लागल्यापासून एक्स्पोर्ट चालू केला की प्रोसेसर ९० अंशांवर जाऊन बसतो, पंखा मिक्सरसारखा ओरडतो आणि कामाला वेळही जास्त लागतो. कॅबिनेटला पुढून काच आहे, आत तीन रंगीत दिव्यांचे पंखे आहेत, आणि हे सगळं कॉम्प्युटर टेबलाच्या दाराच्या कप्प्यात ठेवलेलं आहे. दुकानदार म्हणतो, २४० चा लिक्विड कूलर टाका (पाण्यावर चालणारा, २४० मिमी रेडिएटरचा, म्हणजे पाणी गार करणाऱ्या जाळीचा), सात हजार होतील. टाकू का?

आत्ता तरी नको. कदाचित कधीच नको, पण ते मी इथे फोंड्यात बसून छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यासाठी तुम्हाला एका संध्याकाळी चार-पाच आकडे लिहून काढावे लागतील. खरा प्रश्न कूलर कुठला घ्यावा हा नाहीच. प्रोसेसरपासून खोलीच्या हवेपर्यंत उष्णतेला जी वाट आहे, त्या वाटेवर ती कुठे अडते, हे आधी शोधायचं आहे. अडली असेल टेबलात आणि आपण पैसे घातले प्रोसेसरवर, तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

पहिली गोष्ट त्या ९० आकड्याची. तुमच्या ५६०० ची कमाल मर्यादा कंपनीनेच ९० अंश ठेवली आहे (५६००एक्सची ९५ आहे, त्यामुळे मित्राच्या मशीनशी तुलना करताना जपून). तिथे पोचल्यावर प्रोसेसर आणखी तापत नाही, तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणून ९० दिसतंय याचा अर्थ परिस्थिती जेमतेम वाईट आहे की फारच वाईट आहे, हे तापमानावरून कळतच नाही. ते कळतं वॅटवरून. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घ्या, त्यात फक्त सेन्सरचा भाग उघडा आणि प्रोसेसरची पॅकेज पॉवर, म्हणजे तो किती वॅट खातोय ते, बघा. या चिपला मूळ सेटिंगमध्ये ७६ वॅटपर्यंत मुभा असते. ९० अंशांवर ती ७६ च्या जवळ असेल तर काठावर का होईना, कूलर काम निभावतोय. ती ५५-६० वर आली असेल, तर उष्णतेने तुमचा वेग खाल्ला आहे आणि एक्स्पोर्ट लांबण्याचं कारण तेच.

आता डिसेंबर आणि एप्रिल. गोव्यात दुपारचं तापमान या दोन महिन्यांत आपल्याला वाटतं तेवढं वेगळं नसतं, डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीच्या वर जातोच. फरक पडतो रात्री. आणि तुम्ही काम करता रात्री. डिसेंबरात रात्री खिडकी उघडी ठेवली की खोली २३-२४ वर येते, एप्रिल-मे मध्ये तीच खोली ३० च्या खाली उतरत नाही, आणि वर स्लॅब असेल तर तो दिवसभर खाल्लेलं ऊन मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत बसतो. (जुन्या कौलारू घरांतली मशीनं रात्री लवकर निवतात, हा माझा नेहमीचा अनुभव.) हवेवर चालणारा असो की पाण्यावर, कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो खोलीच्या वर काही अंशांची भर घालून थांबतो. काम तेच असेल तर ही भर जवळजवळ तेवढीच राहते. खोली सात अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण सात अंशांनी चढणार, त्यात कोणाचा दोष नाही.

दमट हवेचा प्रश्न मला दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. ओल्या हवेत आपल्याला जास्त उकडतं कारण घाम सुकत नाही. कॉम्प्युटरला घाम येत नाही, त्यामुळे दमटपणाने त्याचं तापमान वाढत नाही. त्याच कारणाने छताचा पंखा आपल्याला गार वाटतो, मशीनला त्याचा फायदा नगण्य. दमटपणाचा त्रास वेगळ्याच वाटेने होतो, त्याकडे नंतर येतो.

तपासणीला एक साधा डिजिटल थर्मामीटर लागेल, भिंतीवरचा असतो तो. खोलीच्या मध्यावरचं तापमान लिहा, मग तोच थर्मामीटर टेबलाच्या कप्प्यात, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला ठेवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) जाऊन प्रोसेसरच्या आणि कॅबिनेटच्या पंख्यांचा वेग ७० टक्क्यांवर स्थिर करा. हे विसरू नका. पंखे आपल्या मनाने कमी-जास्त होत राहिले तर दोन चाचण्यांची तुलना खोटी ठरते, कारण तापमान तेच राहतं आणि फरक सगळा आवाजात जातो. त्याच वेळी बायोसमधली पीपीटी नावाची वॅटची मर्यादा चाचणीपुरती ६० वर आणा. असं केल्याने प्रोसेसर ९० च्या छपराला बहुधा टेकणार नाही आणि प्रत्येक बदलाचा परिणाम अंशांत दिसेल.

चाचणीला सिनेबेंच आर२३ हे प्रोसेसरला राबवणारं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवतात तसं चालवा, हरकत नाही. पण तुमच्या बाबतीत माझा भर खऱ्या एक्स्पोर्टवर आहे. सिनेबेंच फक्त प्रोसेसरला राबवतं. एक्स्पोर्टमध्ये ग्राफिक्स कार्डही जागं असतं, आणि आरएक्स ६६०० पूर्ण जोरात चाललं तर १३२ वॅटपर्यंत जाऊ शकतं. ती सगळी गरम हवा प्रोसेसरच्या कूलरखालीच सोडली जाते. नुसत्या सिनेबेंचमध्ये पास झालेली मशीनं एडिटिंगला बसल्यावर हाशहूश करतात ती यामुळे. एकच प्रोजेक्ट घ्या, वीस मिनिटं चालेल असा, आणि शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे लिहा.

हाच एक्स्पोर्ट तीनदा करायचा. पहिल्यांदा सगळं जसं आहे तसं. दुसऱ्यांदा कॅबिनेट टेबलातून बाहेर काढून, बाकी काही न बदलता. तिसऱ्यांदा बाहेरच ठेवून, बाजूचं झाकण उघडून. प्रत्येक वेळी प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि ती वजाबाकी लिहा, नुसतं तापमान नको. संध्याकाळी सातला सुरू केलेली आणि रात्री अकराला संपवलेली चाचणी यांच्यात खोलीच दोन अंशांनी बदललेली असते.

आकडे कसे वाचायचे? टेबलातून बाहेर काढल्यावर वजाबाकी पाच-सहा अंशांहून जास्त उतरली, तर गुन्हेगार टेबल. माझा अंदाज तुमच्याकडे हेच निघेल. फोंड्यात माझ्याकडे एक फोटोग्राफर अशीच तक्रार घेऊन आले होते, त्यांच्या कप्प्यात मी थर्मामीटर ठेवला तर खोली ३१ आणि कप्पा ४२. मशीन स्वतःचीच गरम हवा परत परत पीत होतं. कप्प्याचं दार आणि मागची फळी काढून टाकली, खर्च शून्य. कूलर न घेताच ते गेले, मला तेवढा चहा मिळाला. झाकण उघडल्यावर आणखी मोठी घसरण झाली तर कॅबिनेटला श्वास घेता येत नाही असं समजा. पुढे काच असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा कडेच्या बोटभर फटीतून आत येते, त्यामुळे मला याचंही नवल वाटणार नाही. आणि दोन्ही वेळा दोन-तीन अंशांपलीकडे हललंच नाही, तर प्रोसेसर, पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता नेण्यासाठी लावतात ती) आणि कूलर या तिघांकडे वळायचं.

तिथे हाताची चाचणी कामाला येते. एक्स्पोर्ट चालू असताना, पंख्यात बोट जाणार नाही अशा बेताने, हीटसिंकच्या, म्हणजे कूलरच्या धातूच्या पात्यांच्या, ॲल्युमिनियमला क्षणभर स्पर्श करा. प्रोसेसर ८५ दाखवतोय आणि धातू जेमतेम कोमट आहे, तर उष्णता धातूपर्यंत पोचतच नाही: पेस्ट सुकली आहे, किंवा कूलर नीट बसलेला नाही, किंवा तळाची प्लास्टिकची पारदर्शक फिल्म काढायचीच राहिली आहे. हसू नका, ही फिल्म मी दरवर्षी एक-दोन मशीनांत बघतो, आणि माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मीही एकदा तशीच ठेवली होती. उलट धातू हात ठेववत नाही इतका गरम असेल तर पेस्टला दोष देऊ नका. उष्णता धातूत आली आहे, तिला पुढे न्यायला धातू कमी पडतोय किंवा हवा कमी पडतेय.

डब्यातला कूलर, म्हणजे रेथ स्टेल्थ, याबद्दल माझं मत मिश्र आहे. तो निव्वळ ॲल्युमिनियमचा लहान तुकडा आहे, त्यात हीटपाइप, म्हणजे उष्णता वर वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या, नाहीत. ऑफिसच्या कामाला पुरतो. पण ७६ वॅटला त्याची भर माझ्या मोजणीत साधारण ६० अंशांच्या आसपास येते. डिसेंबरच्या रात्री २४ अधिक ६०, म्हणजे ८४, चाललं. मे च्या रात्री ३१ अधिक ६०, म्हणजे छपराला डोकं. कप्प्यात ४० असेल तर विचारायलाच नको. तुमची गोष्ट या बेरजेत बरोबर बसते, म्हणूनच मला वाटतं की बिघाड काहीच नाही. कूलर पहिल्यापासून काठावर होता, टेबलाने त्याला ढकलला.

आतापर्यंतचा हिशेब: आधी टेबल, मग झाकण, मग हात. यातलं काहीही पैसे मागत नाही. कूलर विकत घ्यायची पाळी यानंतर.

घ्यायचाच ठरला तर १२० मिमी पंख्याचा, चार हीटपाइपांचा उभा टॉवर कूलर घ्या. डीपकूलचा एके४०० किंवा त्याच जातीतला दुसरा, अडीच-तीन हजारांच्या आसपास. तुमच्या चिपला तो माझ्या अनुभवात खोलीच्या वर ४०-४५ अंशांवर थांबवतो, म्हणजे मे मध्येही ७५ च्या आगेमागे, आणि मुख्य म्हणजे मिक्सर बंद होतो. मागवण्याआधी कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या वरच्या पृष्ठभागापासून झाकणाच्या काचेपर्यंतचं अंतर मोजा. एके४०० ची उंची १५५ मिमी आहे. स्वस्त अरुंद कॅबिनेटात तेवढीही जागा नसते, आणि काच लागत नाही हे दुकानात कळत नाही, घरी कळतं. रॅमच्या पट्ट्यांवर उंच सजावट असेल तर तीही बघा.

मग २४० चा लिक्विड का नको? तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. इंटेलचा १३९००के घ्या, २५३ वॅट मागू शकतो, तिथे मीही रेडिएटर लावतो. तुमच्या चिपची अडचण निराळी आहे. ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर तिचे सहा कोअर आहेत, तो जेमतेम ८० चौरस मिमीचा आहे. एवढ्याशा जागेतून ७६ वॅट बाहेर पडायचे म्हणजे कोंडी तिथेच होते, चिप आणि तिच्यावरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये. वर कितीही मोठा कूलर बसवा, ती कोंडी तशीच. चांगल्या टॉवरनंतर लिक्विडला मिळणारे चार-पाच अंश सात हजारांच्या लायकीचे नाहीत. शिवाय टॉवरमध्ये बिघडणारी वस्तू एकच, पंखा, आणि तो म्हापशापासून मडगावपर्यंत कुठेही मिळतो. लिक्विडमध्ये पंप आहे, आणि नळीच्या रबरातून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी उडत राहतं. पंप बसला तर वॉरंटीत मशीन किती दिवस बंद राहील, हे लग्नसराईत काम करणाऱ्याने विचारात घ्यायला हवं. तरी घेतलात, तर रेडिएटर वर बसवा, पंप सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नका, नाहीतर हवेचे बुडबुडे त्यात जमतात. आणि चाचणी अर्धा तास तरी चालवा, पाणी तापायलाच वेळ घेतं, पहिल्या दहा मिनिटांचे आकडे नेहमी गोड असतात.

विजेवर थंड होणारे पेल्टियर कूलरही कोणीतरी सुचवेल. गोव्यात अजिबात नको. ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असला की साधारण २६ अंशांच्या पृष्ठभागावरही दव धरतं. खोलीपेक्षा थंड झालेला धातू इथे सरळ घाम सोडतो, तोही मदरबोर्डवर. साध्या कूलरला ही भीती नाही, कारण तो खोलीपेक्षा गारच होत नाही. हां, एसीच्या खोलीत रात्रभर बंद पडून गार झालेलं मशीन पावसाळ्यात उचलून बाहेर ओसरीवर नेलंत, तर अर्धा तास तसंच ठेवा, मग सुरू करा.

जुना कूलर काढताना एक धोका आहे. तुमच्या प्रोसेसरला (एएम४ जातीच्या सॉकेटात बसणाऱ्या) खाली १३३१ पिना आहेत आणि तो सॉकेटमध्ये नुसता चिमटीत धरलेला असतो. सुकलेली पेस्ट गोंदासारखी चिकटते. सरळ वर ओढलंत तर कूलरबरोबर प्रोसेसरही उपटून येतो, पिना वाकतात, आणि मग मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकाने एकेक पिन सरळ करत बसायचं. मी बसलो आहे, गिऱ्हाईक समोर खुर्चीत. म्हणून आधी पंधरा मिनिटं एक्स्पोर्ट चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करून वायर काढा, स्क्रू सोडा, आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू पिळत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एकाने मला काजूच्या फेणीने पुसल्याचं अभिमानाने सांगितलं होतं. फेणीत निम्म्याहून जास्त पाणी असतं, ती ग्लासातच बरी. नवी पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे.

कॅबिनेटचा प्रश्न निघाला तर काच काढून जाळीचं तोंड असलेलं कॅबिनेट हा खरा उपाय. ते लगेच जमणार नसेल तर पुढची काच काढून महिनाभर चालवून बघा, दिसायला भिकार दिसेल. पंख्यांची दिशा उदबत्ती लावून तपासा: पुढे धूर आत ओढला गेला पाहिजे, मागे बाहेर फेकला गेला पाहिजे. बसवताना खूण सोपी, पंख्याच्या चौकटीला ज्या बाजूने आडव्या दांड्या असतात तिकडून हवा बाहेर पडते. तुमचे ते तीन रंगीत पंखे बहुधा एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मोठ्या चार पिनांच्या जोडणीवर असतील. तसं असेल तर बायोसला ते दिसतही नाहीत, कायम एकाच वेगाने फिरतात आणि हवेपेक्षा उजेड जास्त देतात. त्यातले पुढचे दोन काढून मदरबोर्डवर लागणारे पीडब्ल्यूएमचे, म्हणजे बायोसला वेग कमी-जास्त करता येणारे, दोन चांगले पंखे घातले तर तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

दमटपणाचं राहिलं होतं. कळंगुट, वास्को अशा किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा पाती आणि स्क्रू खाते, पंख्यांची बेअरिंगं लवकर वाजायला लागतात. तुमच्या डिचोलीकडे त्रास तांबड्या धुळीचा. ती बारीक, आणि पावसाळ्यातल्या ओलीने हीटसिंकच्या पात्यांमध्ये लिंपल्यासारखी घट्ट बसते, ब्लोअर मारूनही सुटत नाही, ब्रश लागतो. म्हणून मे संपायच्या आत एकदा आणि चवथीच्या साफसफाईत एकदा मशीन उघडाच. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भिंगरीसारखा फिरवू नका. पावसात काम नसलं तरी रोज अर्धा तास मशीन चालू ठेवा, आतली ओल जाते. आणि मागच्या बाजूला उघड्या राहिलेल्या पट्ट्या बंद करा. माझ्याकडे आलेल्या जळक्या बोर्डांपैकी काहींत पालच मेलेली सापडली आहे, तिला ती ऊब फार आवडते.

एक फुकटचा उपाय आजच करून बघा. चाचणीसाठी ६० वॅटवर आणलेली ती मर्यादा चाचणीनंतर परत वाढवू नका, आठवडाभर तशीच ठेवून एक्स्पोर्टचा वेळ मोजा. पूर्ण ७६ वॅट थंडपणे मिळाले असते तर काम थोडं लवकर झालं असतं, हे खरं. पण आत्ता उष्णतेने वेग तसाही कापला जातोय, त्यामुळे तुम्हाला फरक कळेलच असं नाही, पंखा मात्र निवलेला ऐकू येईल. हातात लग्नाची ऑर्डर असेल तर पाऊस पडेपर्यंत एवढ्यावरही निभतं.

टॉवर मागवायचं ठरलं तर त्याआधी माळ्यावरचा मदरबोर्डचा खोका काढा आणि त्यात दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत का बघा. रेथ स्टेल्थ बसवताना जुळवणाऱ्याने त्या बोर्डवरून काढलेल्या असतात आणि बरेच टॉवर कूलर त्यांनाच अडकतात. नसतील तर स्वतःच्या पट्ट्या सोबत देणारा कूलर निवडा. आणि जुन्या कूलरचे चार स्क्रू सोडताना बोर्डाच्या मागे एक हात लावून ठेवा, तिथली लोखंडी प्लेट तेवढ्या स्क्रूंवरच टांगलेली असते.